काकूंसाठी योजनेतला फिजिशियन

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू विचारलंस, "आयुष्मान कार्ड चालणारा चांगला फिजिशियन माहितीये का रे?" तेव्हा मी रस्त्यात होतो, धड बोलता आलं नाही. म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. अण्णांच्या वेळी हाच प्रश्न घेऊन मी तीन आठवडे दारोदार हिंडलो होतो, आणि मुळात विचारायचं काय हेच मला फार उशिरा कळलं.

कार्ड चालतं ते रुग्णालयात, आणि तेही पेशंट अ‍ॅडमिट झाला तर. काकूंना दर महिन्याला शुगर-बीपी दाखवायला नेशील, तिथली फी, गोळ्या, रक्ताच्या तपासण्या यातलं काहीच कार्डावर बसत नाही. भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस, एवढ्यातला औषध-तपासण्यांचा खर्च पॅकेजमध्ये धरतात, बस. खरं सांगतो, मला हे अजून पटत नाही. डायबेटीस वर्षानुवर्षं ओपीडीतच सांभाळायचा असतो. तो हाताबाहेर जाऊन माणूस खाटेला खिळला की मग ५ लाखांचं संरक्षण. तोवर घरच्यांनी खिसे चाचपायचे.

अण्णांना न्यूमोनिया झाला तेव्हाची गोष्ट. एका खासगी रुग्णालयाच्या दारावर योजनेचा भलामोठा बोर्ड होता. अण्णांना व्हीलचेअरवर बसवून आत नेलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आमच्याकडे योजनेत फक्त हाडांचं आहे. मेडिसिनचं नाही." अण्णांना धाप लागलेली, हातात कागदांची पिशवी, आणि मी तिच्याकडे बघतच राहिलो. तेव्हा समजलं, रुग्णालय योजनेत असलं तरी ते कोणकोणत्या विभागांसाठी आहे हे वेगळं असतं. तर तू फोन करशील तेव्हा एकच नेमकं विचार: "जनरल मेडिसिनसाठी तुम्ही योजनेत आहात का?" आणि उत्तर रिसेप्शनकडून घेऊ नकोस, आरोग्यमित्राशी, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाशी बोल. योजनेतल्या रुग्णालयात त्यांचा वेगळा कक्ष असतो, राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कामही तेच बघतात. अण्णांना शेवटी जिथे घेतलं, तिथल्या आरोग्यमित्राने कार्ड आणि आधार बघून स्वतः प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज, टाकायला लावला, आणि "पॅकेजमधल्या उपचाराला कुणी पैसे मागितले तर आधी माझ्याकडे या" असं बजावून सांगितलं. मोठा आधार वाटला रे त्या माणसाचा.

आता महिन्याच्या तपासणीचं. माझं ऐकशील तर काकूंना सिव्हिलला, म्हणजे सरकारी जिल्हा रुग्णालयात ने. नाक मुरडू नकोस, मीही मुरडलं होतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे, आणि जिल्हा रुग्णालयात एमडी मेडिसिन झालेले डॉक्टर ओपीडीला बसतात. गर्दी असते, हे खरं. सकाळी ओपीडी उघडायच्या आधी रांगेत लागावं लागतं.

पण अण्णांना त्या रांगेने काय दिलं ते सांगतो. त्यांचे पाय महिनाभर सुजत होते. कुणी किडनी म्हणे, कुणी हृदय, मी रात्र रात्र जागा. सिव्हिलच्या मॅडमनी आधी अण्णांच्या घोट्यावर अंगठा दाबला, उचलला, आणि उमटलेला खळगा किती वेळ राहतो ते बघत बसल्या. मग म्हणाल्या, "गोळ्या आणल्यात का? पिशवी ओता टेबलावर." मी ओतली. त्यांनी दोन स्ट्रिप बाजूला काढून माझ्यासमोर उलट्या केल्या आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. नावं वेगळी, रंग वेगळे, आत बीपीचं औषध एकच: अ‍ॅमलोडिपिन. दोन डॉक्टरांनी आपापली लिहिलेली, अण्णा दोन्ही घेत होते. जास्त डोसाने पाय सुजू शकतात. एक बंद केली, आठ-दहा दिवसांत चप्पल पायात जायला लागली. फिजिशियन का हवा, ते मला त्या टेबलापाशी कळलं. हाडवाला हाड बघतो, हृदयवाला हृदय. सगळी पिशवी एकत्र बघणारं कुणीतरी लागतं.

काकू बहात्तरच्या ना? मग त्यांचं वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांचं आयुष्मान कार्ड, काढून ठेव, आजच. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. उत्पन्नाची अट नाही, आधीचे आजारही चालतात. वय आधारवरून धरतात, तेव्हा आधारवरची जन्मतारीख एकदा तपासून घे. काकांच्या नोकरीमुळे त्यांना सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) लागू असेल तर मात्र दोन्हींतलं एकच निवडावं लागतं. अडलास तर १४५५५ वर फोन कर. अ‍ॅडमिट करायची वेळ आल्यावर कार्डासाठी धावायला लागू नये, एवढंच मला वाटतं. मी धावलोय.

गुरुवारी मला सुट्टी आहे. काकूंना घेऊन ये, रांगेत मी आधी जाऊन उभा राहतो. आधार, जुने रिपोर्ट आणि घरातल्या सगळ्या गोळ्या घे. काकू उशीखाली ठेवतात त्या चूर्णाच्या पुड्यासुद्धा.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच