सप्लायर बदला, पण त्याला सांगून बदला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

धंदा कसा सुरू करायचा, कस्टमर कसा मिळवायचा यावर पेपरात भरपूर येतं आणि मी ते आवडीने वाचते, पण वर्षानुवर्षं माल देणाऱ्या सप्लायरचं काम थांबवायचं असेल तर ते कसं थांबवावं यावर कोणी लिहिताना दिसत नाही. म्हणून हे पत्र. मी आता परचेस बघते, त्याआधी सहा वर्षं एका सप्लायरकडे अकाउंट्सला होते, म्हणजे दोन्ही बाजू बघून झाल्यात, आणि मला एवढंच सांगायचंय की सप्लायर खुशाल बदला, तो तुमचा हक्क आहे, पण त्याला आधी सांगा, लेखी द्या आणि त्याचा हिशोब पूर्ण करा.

मी सप्लायरकडे होते तेव्हा आम्ही प्लास्टिकची झाकणं बनवायचो. एका जुन्या पार्टीचे पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी, यायचे कमी झाले, मग बंदच झाले. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. शेवटी आमच्या गाडीचा ड्रायव्हर रिटर्न माल आणायला त्यांच्या गेटवर गेला तेव्हा त्याला दुसऱ्याच कंपनीचे बॉक्स उतरताना दिसले आणि तेव्हा आम्हाला कळलं की आपलं काम गेलं! पुढे किती माल लागेल याचा त्यांनी दिलेला फोरकास्ट धरून प्लास्टिकचा दाणा भरून ठेवला होता, त्यांचं नाव छापलेले रिकामे बॉक्स गोडाऊनमध्ये छतापर्यंत लागले होते, ते दुसऱ्या कोणाला विकणार? मग व्हायचं तेच झालं. मोल्ड, म्हणजे झाकणाचा साचा, त्यांचा पण आमच्या मशीनवर, आणि आमचे पैसे त्यांच्याकडे, ते म्हणतात आधी मोल्ड द्या, आमचे मालक म्हणतात आधी बिल द्या, आणि यात जवळजवळ वर्ष गेलं. मालकांना काम गेल्याचं दुःख होतंच पण इतकी वर्षं माल घेऊन एक फोन करावासा वाटला नाही हे त्यांना जास्त लागलं, आणि ते मी डोळ्यांनी बघितलंय.

नंतर मी परचेसला आले आणि एक दिवस माझ्यावरच एका सप्लायरला बंद करायची वेळ आली. माणसं चांगली होती पण डिलिव्हरी सतत लेट आणि रिजेक्शन वाढत चाललेलं. मी पहिलं काम केलं ते म्हणजे करार शोधून शेवटच्या पानापर्यंत वाचला, कारण नोटीस किती दिवसांची, ती कोणत्या पत्त्यावर द्यायची, मेल चालतो का कागदच लागतो, आणि करार आपोआप रिन्यू होतो का हे सगळं त्यातच असतं. आपोआप रिन्यूची तारीख हुकली की पुन्हा एक टर्म अडकलात समजा.

करारात बाहेर पडायचे बहुतेक वेळा दोन रस्ते असतात. एक म्हणजे काही कारण न देता नुसती नोटीस देऊन, आणि दुसरा समोरच्याने करार मोडला म्हणून. हे दोन एकत्र करू नका ही माझी कळकळीची विनंती आहे, पत्रात 'काही कारण नाही' असंही लिहायचं आणि खाली तक्रारींची यादीही लावायची, असं केलं की वादाला तोंड फुटतं. चुकीमुळे तोडत असाल तर कोणतं कलम, कोणत्या तारखांचा माल आणि सुधारायला किती दिवस दिले ते स्पष्ट लिहा. देशादेशांतल्या माल खरेदी-विक्रीसाठी संयुक्त राष्ट्रांचा १९८० चा व्हिएन्ना करार आहे, त्यातही हीच रीत दिसते, कलम ४७ मध्ये विक्रेत्याला वाजवी वाढीव मुदत देता येते, त्या मुदतीतही माल आला नाही तर कलम ४९ प्रमाणे करार रद्द करता येतो, आणि कलम २६ सांगतं की समोरच्याला कळवल्याशिवाय ते रद्द करणं लागूच होत नाही.

मी आधी फोन केला. सरळ सांगितलं की आम्ही नोटीस पाठवतोय, करारात आहेत तेवढे दिवस तुमचा माल घेऊ, चालू पीओ रद्द करणार नाही, आणि आमच्या नावाचं जे पॅकिंग तुमच्याकडे पडलंय त्याचा आकडा द्या, ते आम्ही उचलतो. समोर थोडा वेळ कोणी बोललंच नाही. मग ते म्हणाले, मॅडम तुम्ही निदान सांगितलंत तरी. त्यानंतर पत्र गेलं, अर्ध्या पानाचं, त्यात नोटीसची तारीख, शेवटच्या डिस्पॅचची तारीख, पेमेंट कधी आणि मोल्ड परत कधी एवढंच. नोटीसच्या काळात नवीन पार्टीचं सॅम्पल पास करून घेतलं म्हणजे लाइन थांबायला नको. आणि हो, जुन्याचं कोटेशन नव्याला दाखवून रेट पाडायचा प्रकार करू नका, ते अजिबात बरोबर नाही आणि गोपनीयतेचं कलम करार संपल्यावरही बऱ्याचदा चालू राहतं.

खरा वेळ गेला तो लेजर जुळवायला. त्यांच्या वहीत आमच्याकडे बाकी जास्त आणि आमच्यात कमी, दोघंही आपापल्या जागी ठाम, शेवटी एकेक बिल समोरासमोर टिक करत गेलो तेव्हा एका रिजेक्शनची डेबिट नोट, म्हणजे परत केलेल्या मालाचे पैसे वजा करायचा कागद, सापडली जी आम्ही धरली होती आणि त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. दोघांनी सही करून बाकी कन्फर्म केली, पैसे गेले, आणि मग काही येणं-देणं नाही असं पत्र दोन्हीकडून घेतलं.

आयएसओ ४४००१ नावाचं २०१७ चं एक स्टँडर्ड आहे, दोन संस्थांनी मिळून काम कसं करावं याचं. त्यात आठ टप्पे आहेत आणि आठवा टप्पा बाहेर पडण्याचाच आहे, म्हणजे जगाने हे कामाचाच भाग मानलंय. तेव्हा करार करतानाच मोल्ड कोणाचा, ड्रॉइंग कोणाचं, उरलेला कच्चा माल कोण उचलणार हे लिहून घ्या, तेव्हा दोघांचा मूड चांगला असतो.

मी बंद केलेल्या त्या सप्लायरकडचा आमचा मोल्ड ठरल्या दिवशी परत आला. आतून ग्रीस लावलेला, वर टॅगवर एकूण किती शॉट मारले, म्हणजे मोल्ड किती वेळा चालवला, तो आकडा, आणि सोबत एका छोट्या पिशवीत त्यातून निघालेला शेवटचा पीस बांधलेला, म्हणजे मोल्ड चालू स्थितीत दिलाय हे नव्या पार्टीला बघता यावं म्हणून. आम्ही मागितला नव्हता, त्यांनी आपणहून पाठवला.

आपली,
एक नियमित वाचक