समित्यांवरचं नाव

सातारा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत चार दिवस आलीस. माडीवर लॅपटॉप उघडून बसायचीस, चहा गार व्हायचा आणि शोधनिबंध पहिल्याच परिच्छेदावर. मेडिकल कॉलेजातून सारखा फोन : शिबिराला कोण जाणार, मागासवर्गीय कक्षाची बैठक, हॉस्टेलवरच्या मुलीची तक्रार. प्रत्येकाला तुझं "हो सर". चौथ्या दिवशी लॅपटॉप तसाच बॅगेत गेला.

मला माझी शाळा आठवली. १९९१ ची जनगणना, मग मतदारयाद्या, मग पटनोंदणी. "गुरुजी, तुम्हाला वस्त्या माहीत आहेत" म्हणत सगळं माझ्या गळ्यात. मला तो मान वाटायचा. बाहेरून बी. ए. करायचं होतं, फॉर्म दोनदा भरायचा राहिला. तो राहिलाच.

विभागात राखीव जागेवर आलेली तू एकटी, म्हणून प्रत्येक समितीवर तुझं नाव. पण बढतीला समित्या धरत नाहीत. चार वर्षं आणि दोन शोधनिबंध लागतात, तेही पहिल्या तिघांत नाव असेल किंवा त्या निबंधाबद्दलचा पत्रव्यवहार तुझ्या नावावर असेल तरच, हे तूच मला समजावलंस. तरी गेल्या पेपरसाठी रुग्णांची सगळी माहिती तू गोळा केलीस आणि नाव लागलं पाचवं! ते मला फार लागलंय. यापुढे कामाला हात लावण्याआधी लेखकांचा क्रम ईमेलवर ठरवून घे.

विभागप्रमुखांना भेट. जाताना कागद ने : समित्या कोणत्या, महिन्याला तास किती. आठवड्यातली एक दुपार संशोधनासाठी ड्यूटी चार्टवरच लिहून माग. हॉस्टेलच्या मुलींचं काम मात्र सोडू नकोस, त्या तुझ्याशीच बोलतात. फक्त ते तुझ्या गोपनीय अहवालात नोंदवायला सांग.

आणि परिषदेत तुझं पोस्टर थांबून वाचणाऱ्या त्या मॅडमना फोन कर. त्यांनी आपणहून नंबर दिला होता. मदत मागायला तुला कमीपणा वाटतो, ते मला माहीत आहे. ज्या शाळेवरून तुला मी सायकलवर न्यायचो, तिथं ७ नोव्हेंबर १९०० ला भिवाचं, म्हणजे लहानग्या बाबासाहेबांचं, नाव दाखल झालं. तेच बाबासाहेबही १९१३ साली कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. मग तू एका फोनला का अडतेस?

आईनं शेंगदाण्याची चटणी दिलीय, डबा परत आण. रविवारी तो कागद मला फोनवर वाचून दाखव.

तुझे
आण्णा