फोन रुग्णाने का करायचा?

मा. संपादक,
स. न.

नैराश्यासाठी निघालेल्या नव्या नव्या अ‍ॅपविषयी हल्ली वरचेवर छापून येतं. तालुक्याच्या गावात औषधांचं दुकान चालवताना मला दिसतं ते निराळंच. चिठ्ठी महिनाभराची असते. गिऱ्हाईक पंधरा दिवसांच्या गोळ्या नेतं आणि परत फिरकत नाही. नैराश्यावरच्या या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. मळमळ, झोपेची तक्रार मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होते. त्यामुळे गुण यायच्या तोंडावरच औषध सुटतं. काहीजण बरं वाटू लागलं की सोडतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळ्या घ्यायच्या आणि डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायच्या, हे घाईच्या ओपीडीत सांगायचं राहून जातं.

मानसिक त्रासात फोनवरून सल्ला देणारी सरकारची 'टेली-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२पासून आहे. १४४१६ हा क्रमांक मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. पण तिथे पहिला फोन रुग्णाने किंवा घरच्यांनी करायचा. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणं जड जातं, तो कुठून फोन लावणार? तेव्हा फोन दवाखान्याकडून यायला हवा. पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा विचारावं: गोळी चालू आहे ना, त्रास काय होतो, पुढची तारीख लक्षात आहे ना. बटणांचा फोनही त्याला पुरतो. क्षयरोगात असं काही झालेलं आहे. '९९डॉट्स' पद्धतीत गोळी काढली की पाकिटात दडलेला क्रमांक दिसतो, त्यावर फुकट कॉल केला की गोळी घेतल्याची नोंद होते.

(घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे 'सकारात्मक राहा'चे सुविचार मी यात धरत नाही. त्यांच्यामुळे आजवर कुणाची गोळी चालू राहिलेली मी पाहिली नाही.)

एक काळजी मात्र घ्यावीच लागेल. खेड्यात एकच फोन सासू, सून, मुलं सगळ्यांच्या हातात असतो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तेव्हा मेसेजमध्ये आजाराचं किंवा विभागाचं नाव नको; 'बुधवारी सकाळी तपासणीला या' एवढंच पुरे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने आधी केसपेपरवर दोन ओळी वाढवाव्यात: फोन केला तर चालेल का, आणि कोणत्या वेळी.

– एक औषधविक्रेता, जि. सातारा