बापा, तुमच्या शब्दावर टाकी उभी राहिली

बापा,

सा. न. वि. वि.

तुमच्या नातीला कुपांग शहरातल्या पत्त्यावर इंडोनेशियन भाषेत वेगळं पत्र पाठवलंय. ती सुट्टीला घरी आली की तुम्हाला वाचून दाखवेल. हे मराठीतलं पत्र आमच्याकडच्या लोकांसाठी. तुम्ही मदत केलीत ती ओट्यावर बसून, सगळ्या गावादेखत. मग आभार तेवढे गुपचूप का मानायचे?

वाचणाऱ्यांसाठी थोडी माहिती देते. ‘बापा’ ही तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मारायची हाक, बाईला ‘इबू’ म्हणतात. सुंबा हे बालीच्या पूर्वेला, फ्लोरेसच्या दक्षिणेला असलेलं बेट. हिरवीगार भातखाचरं आणि नारळीच्या बागा असं इंडोनेशियाचं जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असतं, ते पूर्व सुंबाला लागू नाही. तिथे उघडे माळ. डिसेंबर ते मार्च पाऊस, मग वर्षभर गवत वाळत जातं आणि त्यात घोडे चरतात. मी माणदेशातली, टँकरची वाट बघत वाढलेली, त्यामुळे माळाचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते गाव टेकडीच्या माथ्यावर आणि झरा खाली घळीत, याचं. जुन्या काळी गावागावांत लढाया चालायच्या म्हणून वस्त्या उंचावर केल्या. लढाया संपल्या, वस्त्या तिथेच राहिल्या आणि पाणी चढवायचं काम बायका-पोरांच्या वाट्याला आलं. पिवळे जेरिकेन घेऊन दिवस उजाडायच्या आत निघणाऱ्या त्या पोरी मी कधी विसरणार नाही. आमचं काम साधं होतं: झऱ्यावर सौरपंप बसवायचा, माथ्यावर टाकी बांधायची आणि नळ द्यायचे.

साधं कसलं! पूर्व सुंबातल्या वाइंगापू शहरातून तुमच्या गावाकडे येणं हेच एक प्रकरण. मालट्रकच्या हौद्यात लाकडी बाकं ठोकलेली, वर छप्पर; त्याला तुम्ही ‘ओतो’ म्हणता. त्यात बाजारहून परतणारी माणसं, तांदळाची पोती, सिमेंट, पाय बांधलेलं डुक्कर आणि छतावर बसलेली कॉलेजची पोरं. चुनखडीचा पांढरा फुफाटा असा उडतो, की उतरल्यावर सगळेच पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसतात. तुम्ही आमची वाट बघत ओढ्यापर्यंत आला होता. पाणी चढलं होतं आणि ड्रायव्हर तरीही गाडी घालायच्या बेतात होता. तुम्ही नुसता हात वर केलात, त्याने इंजिन बंद केलं. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर तुमची पोरं सौर पॅनेल घोंगड्यांत गुंडाळून खांद्यावरून घेऊन गेली. एकाही काचेला तडा गेला नाही. ओढ्याकाठची ती रात्र डासांनी खाल्ली, पण पॅनेल वाचली. पहिले आभार त्याचे.

खरी अडचण पुढेच होती. आम्हाला पैसे देणाऱ्यांना कागद हवा होता: टाकी कुणाच्या जागेत, पाइप कुणाच्या जागेतून. हे चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे सातबाऱ्यावर नाव असूनही सख्खे भाऊ बांधावरून डोकी फोडतात. इंडोनेशियात 1960 चा जमीन कायदा आहे. तो रूढीचे हक्क मानतो. जमिनीची पूर्ण मालकी फक्त तिथल्या नागरिकालाच मिळते, परदेशी माणसाला नाही. पण तुमच्या टेकडीला सरकारी दाखलाच नव्हता. जमीन ‘काबिहू’ची, म्हणजे आमच्या भाषेत भावकीची. पहिल्यांदा येऊन वसलेल्या भावकीला ‘मांगू तानांगू’, जमिनीचे धनी, म्हणतात. झरा एका भावकीचा, माथा तुमच्या भावकीचा आणि मधला उतार तिसऱ्यांचा. गंमत अशी, की तुमच्या म्हशीला कागद आहे. चोऱ्या फार होतात म्हणून जनावराच्या मालकीचं कार्ड निघतं, अंगावर डाग दिलेला असतो. ती म्हैस ज्या जमिनीवर चरते, तिला मात्र काही नाही.

मोजणीचं नाव काढल्यावर तुमचा चेहरा का बदलला, ते मला नंतर कळलं. 2018 साली पश्चिम सुंबात मारोसीच्या किनाऱ्यावर हॉटेलसाठी जागा मोजायला माणसं आली, गावकरी आडवे झाले आणि त्यात एक शेतकरी गोळी लागून मेला. आधी टेप येते, मग कुंपण येतं, हे तुम्हाला ऐकून ठाऊक होतं. कागदावर तुमचा विश्वास बसावा तरी कसा? ओळखपत्रावर धर्माच्या रकान्यात तुमच्या मारापूला, म्हणजे पूर्वजांना मानणाऱ्या तुमच्या जुन्या धर्माला, जागाच नव्हती. तीही 2017 साली घटना न्यायालयाच्या निकालानंतर मिळाली.

तरीही तुम्ही बैठक बोलावलीत. तिन्ही भावक्यांची म्हातारी माणसं ओट्यावर बसली. आधी पानसुपारी फिरली. तिकडे विड्याला पान नसतं. वेलाची लांबट हिरवी फळं चुन्याला लावून सुपारीबरोबर चघळतात. मग कोंबडी कापली गेली आणि तिची आतडी बघून पूर्वजांचा कौल घेतला गेला. बोलणी संध्याकाळपर्यंत चालली. मला फारसं समजत नव्हतं, पण कुणी मध्येच तोडून बोलत नव्हतं, एवढं कळत होतं. आमच्या ग्रामसभेत हे मी कधी पाहिलेलं नाही.

शेवटी तुम्ही म्हणालात, जागा विकायची नाही, भाड्यानेही द्यायची नाही, पाण्याला द्यायची. आमच्यासोबतच्या मास्तरांनी बक्षीसपत्र लिहिलं. दहा हजार रुपियांचं मुद्रांक तिकीट चिकटवलं. तुम्ही अंगठा नीट अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर दाबलात आणि शाई तशीच मांडीला पुसलीत. बाकीच्या दोघांनी तुमच्याकडे बघून अंगठे उठवले. पैसे देणाऱ्यांच्या फाइलला तो कागद पुरला. गावाला त्या कागदाची गरज नव्हती, त्यांनी तुम्हाला बोलताना ऐकलं होतं.

तुमच्या घरी राहिले, त्याबद्दलही लिहायला हवं. उंच शेंड्याचं गवती छप्पर, चार मोठे खांब, बांबूच्या फटींतून खाली डुकरांची कुजबुज. आतल्या खोलीत तुमच्या आई. त्यांना जाऊन किती काळ लोटला होता ते मी विचारलं नाही. अंत्यविधीला लागणाऱ्या म्हशी आणि थडग्याचा दगड जुळेपर्यंत त्या घरातच राहणार होत्या. थरावर थर कापडं गुंडाळलेल्या, सर्वांत वरचं मुळांच्या तांबड्या रंगातलं, आमच्याकडच्या ‘आल’ नावाच्या झाडाच्या जातीचाच तो रंग. वहिनी रोज सकाळी त्यांच्यापुढे कॉफी आणि सुपारी ठेवायच्या, मग मला कॉफी द्यायच्या. पहिली रात्र मी जागून काढली, खोटं कशाला बोलू. पुढे मीही आत जाताना त्यांना हाक मारायला लागले. मी मांस खात नाही म्हटल्यावर कुणी तोंड वाकडं केलं नाही. माझ्यासाठी मक्याचा भात आणि पपईच्या फुलांची कडू भाजी वेगळी शिजायची. घरातल्या पोरांना ती भाजी आवडायची नाही, ते माझ्याकडे कीव करत बघायचे.

एक गोष्ट मात्र खटकली, आणि ती आभाराच्या पत्रातही लिहिणारच. सरदार घराण्यांची पिढीजात चाकरी करणारी माणसं तुमच्याकडे अजून आहेत. कायद्याने तसं काही उरलेलं नाही, पण पाणी कोण भरतं ते डोळ्यांना दिसतं. आमच्याकडेही पाणवठ्याचा इतिहास काही वेगळा नाही, 1927 साली महाडच्या तळ्यावर पाण्यासाठीच सत्याग्रह करावा लागला होता. मी तुम्हाला विचारलं, की नळ फक्त मोठ्या घरांसमोर का? तुम्ही सुपारी थुंकलीत आणि गप्प बसलात. सकाळी त्या चाकरी करणाऱ्यांच्या खालच्या वस्तीजवळ तुम्ही स्वतः खुंटी ठोकून आला होता. दुसरा नळ तिथे बसला. त्यांच्या बायका लग्नकार्यात अजून मागल्या दारीच राबतात, ते काही त्या खुंटीने बदललं नाही. पण तो नळ तुमच्या भावकीतल्या काहींना आवडला नव्हता, आणि तरी तुम्ही खुंटी उपटली नाहीत. हे त्या जागेच्या दानाहून मला मोठं वाटतं.

आता कामाचं. नातीने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोत पाणी टाकीतून नाही, व्हॉल्व्हच्या खालच्या जोडातून गळतंय. वरचं सिमेंट फोडू देऊ नका. आधी खालचा कॉक बंद करा, जोड सोडा, जुना टेफ्लॉन काढून नवा गुंडाळा आणि हाताला लागेल इतकंच आवळा. टेफ्लॉनचं रीळ आणि दोन वॉशर निळ्या डब्यात आहेत, तो डबा मास्तरांकडे दिलाय. पॅनेलवरची धूळ पावसाआधी एकदा ओल्या फडक्याने पुसायला सांगा, भरदुपारी नाही, सकाळी. आणि खालच्या वस्तीच्या नळाचं कुलूप कुणी लावलंय, ते तेवढं विचारा.

तुमची,
माणदेशातली इबू