वीस महिन्यांची वजाबाकी कुणी करायची?

प्रति,
माननीय कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

एप्रिल २०२४ मध्ये माझ्या पुण्यातल्या कंपनीने माझ्या डिप्लोमाची फी भरली, १ लाख ८० हजार. बदल्यात शंभराच्या स्टॅम्प पेपरवर दोन वर्षांचा बॉण्ड: तेवढी नोकरी करायची, नाहीतर फी परत. सही मीच केली, कुणी हात धरून करून घेतली नव्हती.

वीस महिने झाल्यावर घरच्या अडचणीने नोकरी सोडावी लागली. नोटीस पिरियड पूर्ण केला. चोवीसातले चार महिने राहिले, म्हणजे फीचा सहावा हिस्सा, ३० हजार. तेवढ्याचा चेक लिहूनच एचआरकडे गेलो. मॅडमनी बॉण्डमधल्या दोन शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढली: ‘संपूर्ण रक्कम’. एक दिवस उरला असता तरी संपूर्णच! पैसे भरेपर्यंत रिलिव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, नाही. रुजू होताना ‘पडताळणीसाठी’ घेतलेली मूळ प्रमाणपत्रंही त्यांच्याच कपाटात.

वर सुप्रीम कोर्टाचा दाखला. मे २०२५ मध्ये कोर्टाने विजया बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला, हे खरं. पण ती सरकारी बँक. अधिकारी मध्येच गेला की जाहिरातीपासून सगळी भरती पुन्हा करायची, हा खर्च कोर्टाने लक्षात घेतला. माझ्या जागी तर पुढच्याच सोमवारी माणूस बसला.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, मिळायची ती वाजवी भरपाई. पण हे पटवून द्यायला दिवाणी कोर्टाची पायरी चढायची. नवी कंपनी लेटरसाठी दोन आठवडे थांबते, कोर्टाच्या तारखांसाठी नाही. मी भरले सगळे.

नोकरी सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशोब चुकता करा, असं २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिता मालकाला सांगते. तसाच साधा नियम बॉण्डलाही लावा. काम केलेल्या महिन्यांप्रमाणे रक्कम उतरत जावी. आणि पैसे मागायचे तर खुशाल मागावेत, त्यापायी कागद अडवू नयेत.

आपला,
एक माजी कर्मचारी, पुणे

ता. क. प्रमाणपत्रं परत मिळाली. बारावीच्या मार्कशीटला पंच मशीनची दोन भोकं आहेत.