ताई, माझ्या पेपरांमधला डेटा तुमचा आहे

ताईंना नमस्कार,

तुमचं नाव इथे लिहीत नाहीये, तुम्हीच म्हणालात की नाव टाकलं तर उद्यापासून अनोळखी लोकांचे फोन सुरू होतील, आणि "सर्व्हेवाल्या बाई" म्हणून निम्मा तालुका ओळखतो तेवढं पुरे. तर नुसतं ताई. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी प्रोफेसर झालो त्याचा मधे छोटा कार्यक्रम झाला. भाषणं झाली, माझ्या गाईडचं नाव आलं, परदेशातल्या को-ऑथरचं आलं, पैसे देणाऱ्या संस्थांची आली, शेवटी चहा झाला आणि सगळे घरी गेले. आता खरं सांगायचं तर आरोग्याचं अर्थशास्त्र आणि लोक तब्येतीच्या बाबतीत असं का वागतात या विषयावर माझे जे काय पेपर आहेत, त्यातले लोक खरंच वाचतात असे जवळपास सगळे सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावच्या त्या पहिल्या सर्व्हेतून निघालेत. आणि तो सर्व्हे तुम्ही केलाय. मी फॉर्म छापून आणला होता आणि गाडीत पेट्रोल भरलं होतं.

बाकीचे वाचणारे आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हेल्थ इकॉनॉमिक्स म्हटलं की लोकांना वाटतं हॉस्पिटलची बिलं बेरीज करणारा माणूस. तसं नाही. १९६३ मधे केनेथ ॲरो यांनी मांडलं की उपचारांचा बाजार बाकीच्या बाजारासारखा चालतच नाही, कारण आपल्याला काय पाहिजे हे आपल्यालाच माहीत नसतं, ते विकणारा डॉक्टर ठरवतो आणि आजार कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसतं. मग १९७२ मधे मायकल ग्रॉसमन यांचं मॉडेल आलं, की तब्येत हे भांडवल आहे, जन्माला येताना थोडं मिळतं, वयानुसार झिजतं, आणि माणूस वेळ-पैसा घालून ते टिकवतो. हे मी तुम्हाला म्हसवडच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलेलं. तुम्ही ऐकून घेतलं आणि म्हणालात, "बरोबर आहे सर, पण बाईचं भांडवल घरातले सगळे मिळून खातात, ते तुमच्या गणितात कुठं बसतं?" त्याच्यावर पुढे घरातल्या घरात उपचाराचा पैसा कसा वाटला जातो असं एक अख्खं प्रोजेक्ट निघालं, तुम्हाला कधी सांगितलं नाही बहुतेक.

फॉर्ममधला पहिला प्रश्न होता, गेल्या १५ दिवसांत घरात कोण आजारी होतं का. हा काही माझा शोध नाही, सरकारी एनएसएसच्या (राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण) सर्व्हेतही असंच असतं, ॲडमिट न होता घेतलेल्या उपचारांसाठी १५ दिवस आणि ॲडमिट झालं असेल तर ३६५ दिवस मागचं विचारायचं. पुरुष लगेच सांगायचे, कंबर, गुडघा, शुगर. बायका म्हणायच्या "न्हाय ओ, समदं बरं हाय." तुम्ही ते उत्तर गुपचूप कोड करायच्या, म्हणजे फॉर्मवर त्याचा ठरलेला आकडा लिहायच्या, मग पेन खाली ठेवायच्या आणि इकडचं तिकडचं बोलल्यासारखं विचारायच्या की रानात गेला नाहीत असा दिवस कुठला, भाकरी दुसऱ्या कुणी थापली असा दिवस कुठला, मेडिकलमधनं गोळी कुणासाठी आणली. मग निघायचं एकेक. महिनोन्महिने अंगावर काढलेलं दुखणं. आणि ते तुम्ही समासात लिहायच्या, कोड न बदलता. माझा पहिला बरा पेपर त्या समासांवर उभा आहे ताई, दोन उत्तरांमधला फरक हाच सगळा विषय होता.

अमर्त्य सेन यांनी याबद्दल लिहिलंय. १९४३ च्या दुष्काळानंतर, १९४४ मधे कलकत्त्याजवळ सिंगूरला पाहणी झाली, त्यात ४८.५ टक्के विधुर म्हणाले आम्ही आजारी किंवा तब्येत जेमतेम. विधवांमधे असं म्हणणाऱ्या किती, तर २.५ टक्के. आणि दुसरीकडे केरळ, जिथे लोक जास्त जगतात, तिथेच आजार सगळ्यात जास्त सांगितले जातात. म्हणजे नुसतं विचारून मिळालेल्या आकड्यावर धोरण आखलं तर ज्यांना तक्रार करायची सवयच नाही त्यांच्या वाट्याला काही येणार नाही. मी हे दरवर्षी वर्गात शिकवतो, आणि दरवर्षी सिंगूरच्या आधी तुमचा भाकरीचा प्रश्न सांगतो, पोरांना तो जास्त लक्षात राहतो.

आणखी एक, ओसरीची वाटणी. तुम्ही पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं की सरांनी बाहेर ओसरीवर म्हाताऱ्यांशी पाऊसपाण्याच्या, टेंभूच्या पाणी योजनेच्या गप्पा मारायच्या आणि तुम्ही आत चुलीपाशी. सासू हलत नसेल तर तुम्ही मला हाक मारायच्या, "सर, आजींचं बीपी मोजा की", आणि आजी मशीन बघायला बाहेर यायच्या. रिसर्च मेथडच्या पुस्तकात याला प्रायव्हसी म्हणतात आणि एका वाक्यात संपवतात. करून कसं घ्यायचं ते लिहिलेलं मी तरी अजून वाचलं नाही.

खर्चाचं सांगायलाच पाहिजे. २०१७-१८ च्या एनएसएसप्रमाणे देशात एकदा ॲडमिट व्हायला, बाळंतपण सोडून, सरकारी दवाखान्यात सरासरी ४,४५२ रुपये आणि खाजगीत ३१,८४५ रुपये खर्च यायचा. हे आकडे वाचणाऱ्याला वाटतं कुठल्यातरी कॉम्प्युटरमधून आलेत. ते येतात कुणीतरी कुणाच्या तरी दारात बसून वर्षभरापूर्वीची गोष्ट आठवून घेतली म्हणून. तुम्ही "किती खर्च आला" असं विचारायच्याच नाहीत, विचारायच्या "पैसे कुठनं उभे केले". मग भावाकडनं एवढे, बचत गटातनं एवढे, शेरडं विकली त्याचे एवढे, डोरलं ठेवलं त्याचे एवढे. त्याची बेरीज आणि पत्र्याच्या पेटीतल्या कॅरीबॅगमधल्या बिलांची बेरीज कधीच जुळायची नाही, आणि फरक कुठे गेला हे शोधताना सापडायचं वडापचं (शेअर जीपचं) भाडं, सोबत गेलेल्या माणसाचा बुडालेला रोज, डबा, वॉर्डातली चहापाण्याची चिरीमिरी. तारीख आठवत नसेल तर बेंदराच्या आधी की नंतर, जत्रेला पाहुणे आले तेव्हा घरी आणलं होतं का, असं करत महिना पकडायच्या.

राज्याची मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मधे आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मधे सगळीकडे गेली, पुढे २०१७ मधे तिला महात्मा फुलेंचं नाव दिलं. आमच्या फॉर्ममधे होतं, योजनेतून उपचार झाले असतील तर खर्चाचा भाग सोडून पुढे जा. तुम्ही सोडलं नाहीत. म्हणालात "ऑपरेशन फुकट झालं असेल, माणूस फुकट तिथवर पोचलाय का?" बऱ्याच अभ्यासांत कुटुंबाच्या एकूण खर्चाच्या १० टक्क्यांवर गेलेल्या उपचारखर्चाला कंबरडं मोडणारा खर्च धरतात, पण त्यात प्रवास धरायचा की नाही यावर अजून एकमत नाही. मी दोन्ही प्रकारे काढून दाखवतो. पेपर तपासणारे रिव्ह्यूअर विचारतात कशाला, तर कशाला ते हे.

मशेरीचं थोडक्यात. तंबाखूच्या भागात बायका "नाही" म्हणणार हे तुम्हाला माहीत होतं, तंबाखू म्हणजे गडीमाणसं खातात ती. तुम्ही तो प्रश्न उचलून सकाळी दात कशाने घासता तिथे नेला आणि घरोघरी तव्यावर भाजलेल्या मशेरीचे डबे बाहेर आले. हे किरकोळ नाही हो, २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका तंबाखू वापरतात असं आलंय, आणि मुंबईत १,२१७ गरोदर बायकांवर झालेला अभ्यास २००४ मधे छापून आला, त्यात अशी तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची होती. २०१२ मधे राज्यात गुटखाबंदी आली तिची चर्चा खूप झाली. तव्यावरच्या मशेरीला कोण बंदी करणार, आणि बंदीचा तो विषयच नाही, हेही तुमचंच मत, आणि मला ते पटतं.

आणि सरकारी दवाखाना फुकट असून लोक खाजगीत का जातात यावर मी लंबेचौडे तर्क करत होतो तेव्हा तुम्ही नुसतं वेळापत्रक दाखवलंत. सरकारी ओपीडी सकाळी, खुरपणी सकाळी. डॉक्टरचा खाजगी दवाखाना संध्याकाळी उघडा, सुई टोचतो, दुसऱ्या दिवशी बाई कामावर. फुकट म्हणजे एक रोज बुडवून. उदयपूरला लसीकरणाचा तो प्रसिद्ध प्रयोग झाला, २०१० मधे छापून आला, काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसी घेतलेली मुलं ६ टक्के, दर महिन्याला ठरलेलं शिबिर भरवलं तिथे १८, आणि शिबिरात लसीमागे किलोभर डाळ आणि शेवटी ताटांचा सेट दिला तिथे ३९. वर्गातली पोरं म्हणतात गरीब डाळीला भुलले. तुम्ही म्हणाला होतात की लसीला कुणाची ना नव्हतीच, उद्या जाऊ म्हणत होते, डाळीने आज जायला कारण दिलं. अर्थतज्ज्ञांची हीच गोष्ट सांगायची पद्धत फार लांबलचक आहे.

आता थोडं कडू. या सगळ्याबद्दल तुम्हाला मिळाला दिवसाचा भत्ता, तोही एका संस्थेच्या ऑफिसातनं कितीतरी महिने उशिरा, आणि पेपरच्या शेवटी बारीक अक्षरात "क्षेत्रीय अन्वेषकांचे आभार". त्यात तुमचं नावही नाही, अनेकवचनात उरकलंय. आपल्याकडे ही रीतच आहे, डेटा गोळा करणारा हंगामी आणि डेटा वापरणारा पर्मनंट. ही रीत मला मान्य नाही आणि आता सह्या करायची पाळी माझी आहे तर काही गोष्टी बदलता येतील असं दिसतंय.

तर विनंती अशी. जूनमधे नवीन सर्व्हेचं ट्रेनिंग आहे, यावेळी प्रश्नावली छापायला जायच्या आधी तुमच्याकडे पाठवतो, लाल पेनने हवं ते करा. ट्रेनिंगचा एक अख्खा दिवस तुमचा, मानधन गेस्ट लेक्चररच्या रेटने आणि ते आधी खात्यावर जमा होईल. समासांवरचा पुढचा पेपर लिहायला घेतलाय, त्यात लेखक म्हणून तुमचं नाव घालायचंय, तिथे तरी नको म्हणू नका, जर्नल वाचून कुणी फोन करत नाही याची गॅरंटी मी देतो. बँकेचं पासबुक आणि आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, ऑफिसला लागतो.

तुमचा,
बीपी मशीनवाला सर