दुचाकींनाही जलद चार्जर हवेत

महोदय,
पुणे-बंगळूर महामार्गावर चारचाकींसाठी जलद चार्जर आले, याचा आनंद आहे. पण इलेक्ट्रिक मोटारसायकलवाल्यांना त्यांचा उपयोग नाही, कारण तिथला चारचाकींसाठीचा सीसीएस-२ कनेक्टर (चार्जरच्या वायरीचे गाडीत बसणारे टोक) बहुतेक दुचाकींना बसतच नाही. त्यात दुचाकी कंपन्यांचे कनेक्टरही वेगवेगळे. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये दुचाकींसारख्या हलक्या इलेक्ट्रिक वाहनांसाठी सामाईक कनेक्टरचे मानक मंजूर केले, तरी सगळ्या कंपन्यांनी ते स्वीकारलेले नाही. हे मला सर्वात जास्त खटकते.

निपाणी, खानापूर, चंदगडहून बेळगावला नोकरीसाठी ये-जा करणारी आमची मुले पेट्रोलचा खर्च वाचावा म्हणून कर्ज काढून या गाड्या घेतात. साध्या प्लगवर बॅटरी भरायला कित्येक तास लागतात. वाटेत चार्ज संपला तर दिवसाची मजुरीच बुडते.

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटींची तरतूद आहे. त्यातून हेस्कॉम या आपल्या भागातील वीज कंपनीने तालुक्याच्या बसस्थानकांजवळ सामाईक कनेक्टरचे दुचाकी चार्जर बसवावेत. दरफलक कन्नडबरोबर मराठीतही लावावा. तोवर महामार्गावरील ढाबेवाल्यांनी किमान १५ अँपिअरचा एक प्लग पैसे घेऊन का होईना, उपलब्ध करून द्यावा.

– एक वाचक, खानापूर